२७ मिलिसेकंदांचं काम २०० मध्ये का बसत नव्हतं

सॉर्टिंगची लाईन होती. पट्ट्यावरून माल पळतोय, वरखाली कॅमेरे लावलेत, एका नोडने, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या एका कॉम्प्युटरने, फोटो घ्यायचा आणि कापून हवा तेवढा भाग पुढे पाठवायचा, दुसऱ्याने तो तपासायचा, तिसऱ्याने वरच्या आणि खालच्या कॅमेऱ्याचे निकाल जुळवून वस्तू चांगली की खराब ते ठरवायचं, आणि चौथ्याने हवेचा झोत मारून खराब वस्तू बाजूला उडवायची. पट्ट्याचा वेग सेकंदाला २ मीटर, कॅमेऱ्यापासून झोताच्या नोझलपर्यंत अंतर ४० सेंटीमीटर. भागाकार केला की डेडलाईन हातात, २०० मिलिसेकंद. ही डेडलाईन पट्ट्याने ठरवलेली असल्यामुळे तिच्यात कोणाशी घासाघीस करून काही सुटत नाही.

उशीर झाला की नुसती खराब वस्तू सुटते एवढ्यावर भागत नाही. १ मिलिसेकंदात वस्तू २ मिलिमीटर पुढे जाते, झोत ३० मिलिसेकंद उशिरा सुटला की ती ६ सेंटीमीटर पुढे निघून गेलेली असते आणि तिच्या जागी मागची चांगली वस्तू आलेली असते, मग उडते ती. म्हणजे एका उशिरात दोन चुका, खराब माल पुढे गेला आणि चांगला वाया गेला. पुस्तकात हार्ड, फर्म, सॉफ्ट असे डेडलाईनचे प्रकार असतात, फर्म म्हणजे उशिरा आलेल्या उत्तराची किंमत शून्य. इथे ती शून्याच्याही खाली जात होती.

सिस्टीम आधीपासून चालू होती आणि माझ्याकडे काम आलं ते असं, की अधूनमधून चुकीची वस्तू उडते, कारण शोधा. सगळे आकडे बघितले तर तक्रारीला जागाच दिसेना. एकाही नोडचा सीपीयू ४० टक्क्यांच्या वर नाही. फोटो घेऊन कापायला ६ मिलिसेकंद, तपासणीला जास्तीत जास्त १८, निर्णयाला २, झोताच्या कमांडला १, एकूण २७. त्यात फोटो तारेवरून जायला ८ धरा. साखळीची सरासरी १०५ च्या आसपास यायची. पहिला सल्ला जो सगळीकडून येतो तोच आला, मोठी मशिनं घ्या. पण ४० टक्के भरलेलं मशिन दुप्पट वेगाचं केलं तर २७ चे फार तर १४ होतील, म्हणजे वाचणार १३, आणि उशीर व्हायचा तेव्हा हरवत होते शंभराच्या वर. ते कुठे जातायत हे कळल्याशिवाय काही विकत घ्यायला माझी तयारी नव्हती.

त्यासाठी आधी घड्याळं जुळवावी लागली, कारण चार मशिनांवरचे टाईमस्टॅम्प एकमेकांशी ताडून बघायचे तर चौघांची वेळ एक पाहिजे. घड्याळं नेटवर्कवरून जुळवणारं एनटीपी होतं, पण ते मिलिसेकंदाच्या आसपास आणतं आणि आम्हाला प्रत्येक टप्प्यातली वाट मोजायची होती, शिवाय नोझलवर १ मिलिसेकंदाचा फरक म्हणजे २ मिलिमीटर. म्हणून त्याहून बारीक जुळवणारं पीटीपी लावलं, ज्याचं स्टँडर्ड आयईईई १५८८ म्हणून २००२ मध्ये पहिल्यांदा आलं. नेटवर्क कार्डातच टाईमस्टॅम्प मारायची सोय असेल तर ते मायक्रोसेकंदाच्याही आत जातं. त्यातही घड्याळ दुरुस्त करताना एकदम उडी मारू द्यायची नाही, हळूहळू सरकवायचं, हे सेटिंग बघून घ्या, नाहीतर निकाल फोटोच्या आधी आलेला दिसेल आणि तुम्ही भलत्याच बगच्या मागे लागाल.

मग प्रत्येक नोडवर प्रत्येक मेसेजसाठी चार वेळा नोंदवल्या: मेसेज आला, काम सुरू झालं, काम संपलं, मेसेज सुटला. आणि उशीर झालेला एकेक जॉब, म्हणजे एका फोटोपासून झोतापर्यंतचं काम, उलगडायला घेतला. त्यातला एक इथे पूर्ण देतो कारण सगळी गोष्ट त्यातच आहे.

शून्याला फोटो निघाला. कॅमेरा नोडवर ४० मिलिसेकंदांचा लूप होता, म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी एकदाच नवं काम उचललं जायचं, तो नुकताच फिरून गेलेला, त्यामुळे फोटो उचलला गेला ३६ ला. ६ मिलिसेकंद काम, ४२ ला पुढे रवाना. नेटवर्कच्या स्विचवर बाकीच्या तीन कॅमेऱ्यांचे फोटो आधीच रांगेत, २४ मिलिसेकंद त्यांच्या मागे, ८ स्वतःचे, तपासणी नोडवर पोचला ७४ ला. तिथेही ४० चा लूप, तोही नुकताच गेलेला, काम सुरू झालं ११२ ला. तपासणीचे १८, त्यात मधेच दुसऱ्या टास्कने ४ खाल्ले, संपलं १३४ ला. निर्णय नोड, पुन्हा ४० चा लूप, उचललं १७३ ला, निर्णय तयार १७५ ला. आता झोताची कमांड जायची, चिमुकला मेसेज, पण त्याच कार्डावरून लॉगची फाईल बाहेर जात होती, तिच्या मागे ३० मिलिसेकंद. २०५ ला पोचली, १ मिलिसेकंद काम, २०६. डेडलाईन २००. सहा मिलिसेकंदांनी गेलं, पट्ट्यावर १२ मिलिमीटर.

बेरीज करून बघा. काम २७, तार ८, आणि वाट बघणं १७१.

हे दिसल्यावर पुढचं सगळं काम कोणत्या दिशेने करायचं हे ठरूनच गेलं. कोणाचंही कोड संथ नव्हतं, कोणताही नोड भरलेला नव्हता, प्रत्येकाने आपापल्या जागी आपलं काम वेळेत केलं होतं, आणि तरी साखळी चुकली. प्रत्येक नोडची डेडलाईन वेगवेगळी लिहिली होती, '४० मिलिसेकंदांत काम संपव', आणि ती प्रत्येकाने पाळली होती. पूर्ण साखळीची डेडलाईन मात्र कुठल्याच कोडमध्ये नव्हती, ती फक्त पट्ट्याला माहीत होती.

सगळ्यात मोठा वाटा लूपचा. एकमेकांशी न जुळवलेले ठराविक पिरियडचे लूप एकामागे एक लावले की सगळ्यात वाईट केसमध्ये प्रत्येक टप्प्यावर जवळजवळ अख्खा पिरियड वाट बघण्यात जातो, इथे तीन टप्पे, म्हणजे १२० पर्यंत. सरासरी त्याच्या अर्धी येते, म्हणून सरासरीच्या ग्राफमध्ये हे कधीच टोचत नाही. शिवाय घड्याळांच्या बारीक फरकामुळे लूप एकमेकांच्या तुलनेत हळूहळू सरकत राहतात, कधी छान जुळतात, कधी पूर्ण विरुद्ध, त्यामुळे चुका झुंडीने यायच्या आणि मग बराच वेळ सगळं शांत. लोक याला 'नेटवर्क कधीकधी खराब होतं' म्हणत होते.

इथे दोन रस्ते होते. एक म्हणजे टाईम-ट्रिगर्ड, हर्मन कोपेट्झ यांनी ज्याच्यावर आयुष्यभर काम केलं ती पद्धत, सगळ्या नोड्सचं घड्याळ एक आणि कोणी कधी सुरू व्हायचं याचा तक्ता आधीच ठरलेला, कॅमेरा शून्याला, तपासणी अमुक वेळेला, निर्णय तमुक वेळेला. हिशेब एकदम स्वच्छ, वाट बघणं ठरलेलं. अडचण ही की तक्त्यात प्रत्येक कामाला त्याच्या सर्वात वाईट वेळेएवढी जागा द्यावी लागते आणि एक कॅमेरा वाढला तरी तक्ता परत बांधायला लागतो. दुसरा रस्ता इव्हेंट-ट्रिगर्ड, मेसेज आला की काम सुरू, लूपच नको. वाट जाते, पण मेसेज कधी येईल याचा नेम राहत नाही. आम्ही दोन्हीचं मिश्रण केलं. दोन टोकं, म्हणजे फोटो काढणं आणि झोत मारणं, घड्याळावर बांधली, कारण ती दोन्ही खऱ्या जगाला जोडलेली आहेत, आणि मधले नोड्स इव्हेंटवर सोडले. मला अजूनही हीच विभागणी बरोबर वाटते, मधल्या नोडला ठराविक क्षणी काम करून काही मिळत नाही, त्याला फक्त लवकर करायचं असतं.

आता इव्हेंटवर सोडलं की जिटर, म्हणजे मेसेज येण्याची वेळ पुढेमागे होणं, येतो आणि जिटर नोडवरून नोडवर उतरत जातो, हा भाग समजून घ्यायला मला सगळ्यात जास्त मजा आली आणि वेळही इथेच गेला. आधी एका नोडपुरतं बघा. मॅथाई जोसेफ आणि परितोष पांड्या यांनी १९८६ मध्ये रिस्पॉन्स टाईम, म्हणजे काम आल्यापासून संपेपर्यंतची सर्वात वाईट वेळ, काढायची रीत दिली. आपलं काम, अधिक तेवढ्या वेळात वरच्या प्रायॉरिटीचे टास्क जितक्या वेळा मधे येऊ शकतात तेवढ्या वेळा त्यांचं काम. समीकरणात उत्तर दोन्ही बाजूंना असल्यामुळे परत परत मोजायचं, आकडा बदलायचा थांबेपर्यंत.

आमच्या तपासणीचे १८ मिलिसेकंद. त्याच कोअरवर (प्रोसेसरच्या एका भागावर) वरच्या प्रायॉरिटीचा, एन्कोडरचं म्हणजे पट्टा किती सरकला ते मोजणाऱ्या सेन्सरचं रीडिंग गोळा करणारा टास्क, दर २० मिलिसेकंदांनी, काम ४. सुरुवात १८ पासून: १८ मध्ये तो एकदा येतो, झाले २२. पण २२ मध्ये तो दोनदा येतो, झाले २६. २६ मध्येही दोनदाच, आकडा थांबला. रिस्पॉन्स टाईम २६. आता एन्कोडरचं रीडिंग दुसऱ्या नोडवरून नेटवर्कने येतं आणि १५ मिलिसेकंदांपर्यंत पुढेमागे होतं असं धरा. म्हणजे एक रीडिंग उशिरा आलं आणि पुढचं वेळेवर, तर दोन्ही जवळजवळ गळ्यात गळा घालून येतात. मोजताना वेळेत १५ मिळवून मग २० ने भागायचं आणि वरच्या पूर्णांकाला न्यायचं. १८ अधिक १५, तेहतीस, दोनदा, २६ झाले. २६ अधिक १५, एक्केचाळीस, तीनदा, ३० झाले. ३० अधिक १५, पंचेचाळीस, तीनदाच, थांबलं. ३०. कुठल्याही टास्कचं काम एका मायक्रोसेकंदानेही वाढलं नाही, फक्त लांबच्या एका नोडवर मेसेज पुढेमागे झाला आणि इथली वेळ ४ मिलिसेकंदांनी वाढली.

आणि हे ४ मिलिसेकंद इथे थांबत नाहीत, तपासणीचा निकाल आता कमी-जास्त वेळेत निघतो म्हणजे निर्णय नोडला येणारा जिटर वाढला, त्याच्यामुळे तिथले रिस्पॉन्स टाईम वाढले, तिथून काही मेसेज परत पहिल्या नोड्सकडे जातात त्यांचा जिटर वाढला, म्हणजे सगळं गोल फिरतं. केन टिंडेल आणि जॉन क्लार्क यांनी १९९४ मध्ये याचंच उत्तर दिलं, होलिस्टिक ॲनालिसिस: सगळ्या नोड्सचे आणि नेटवर्कचे रिस्पॉन्स टाईम एकत्र घ्यायचे, जिटर शून्य धरून सुरुवात करायची, एक फेरी मोजायची, नवे जिटर घालायचे, परत मोजायची. आकडे फक्त वाढतात, कमी कधीच होत नाहीत, त्यामुळे एकतर ते थांबतात नाहीतर डेडलाईन ओलांडतात, दोन्हीपैकी जे होईल ते उत्तर. छोटी स्क्रिप्ट पुरते, काही महागडं टूल लागत नाही. पण तिला खायला खरे आकडे लागतात आणि खरी मेहनत तिथे आहे.

खरे आकडे म्हणजे प्रत्येक टास्कची सर्वात वाईट वेळ. तपासणीचे १८ हे मोजलेले होते, सिद्ध केलेले नव्हते, आणि फोटोत संशयास्पद ठिपके जास्त असले की वेळ वाढायची. नुसतं मोजत राहिलं तर कधीतरी १९ येणार, कधीतरी २५. म्हणून कोडमध्येच मर्यादा घातली, ठराविक संख्येपेक्षा जास्त ठिपके दिसले की पुढचं तपासायचंच नाही, वस्तूवर 'पुन्हा तपासा' असा शिक्का मारून मोकळं व्हायचं. यावर वाद झाला, अचूकता कमी होते म्हणून. पण एवढे ठिपके असलेली वस्तू तशीही बाजूलाच जाणार असते, आणि एका वस्तूवर जास्त वेळ घालवला की मागच्या चार वस्तूंचा वेळ जातो. कामाची कमाल वेळ बाहेरून अंदाजाने धरण्यापेक्षा आतून बांधून टाकणं मला कधीही जास्त पटतं.

नेटवर्क त्या मानाने लवकर सुटलं. १ गिगाबिटच्या तारेवर १ मेगाबाईटचा फोटो ८ मिलिसेकंद घेतो, चार कॅमेरे एकाच क्षणी फोटो काढत होते, म्हणून शेवटचा नेहमी तिघांच्या मागे. कॅमेऱ्यांचे ट्रिगर १० मिलिसेकंदांनी पुढेमागे केले, रांग संपली. त्याची किंमत म्हणून जोडीतल्या दुसऱ्या फोटोसाठी निर्णय नोडला १० मिलिसेकंद थांबावं लागतं, ती आनंदाने दिली, कारण ती ठरलेली आहे. झोताच्या कमांडला इथरनेटमध्ये वरचा प्रायॉरिटी क्लास दिला, असे आठ क्लास असतात, लॉग सगळ्यात खाली. आता कमांडला फार तर तारेवर आधीच चढलेल्या एका पॅकेटची वाट बघावी लागते, १५०० बाईट म्हणजे १२ मायक्रोसेकंद. ३० मिलिसेकंदांवरून १२ मायक्रोसेकंद, तेही एका सेटिंगने. मात्र प्रायॉरिटी स्विचवर लावून भागत नाही, पाठवणाऱ्या मशिनच्या आतली रांगही तशीच वेगळी हवी, आमची लॉगची फाईल तिथेच आडवी आली होती.

कोअर्सवर कामं कशी वाटायची यात एक गोष्ट अशी आहे की जी पहिल्यांदा ऐकल्यावर पटत नाही. एका कोअरवर ईडीएफ, म्हणजे ज्याची डेडलाईन जवळ त्याला आधी, हे सर्वोत्तम आहे, लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये दाखवलं की डेडलाईन पिरियडएवढी असेल तर कोअर १०० टक्के भरेपर्यंत काहीही चुकत नाही. त्याच पेपरमध्ये पिरियडवरून ठरवलेल्या फिक्स्ड प्रायॉरिटीसाठी हमीची मर्यादा टास्क वाढतील तशी ६९ टक्क्यांपर्यंत खाली येते. मग साहजिक वाटतं की चार कोअर्स असतील तर एकच रांग ठेवा, चौघांनी त्यातून ईडीएफने उचला. आता हे बघा. चार छोटे टास्क, काम २, डेडलाईन ३८. एक मोठा, काम ३८, डेडलाईन ३९. सगळे एकदम आले. छोट्यांची डेडलाईन आधीची म्हणून चारही कोअर्स त्यांना मिळाले, मोठा २ ला सुरू झाला, ४० ला संपला, ३९ चुकली. चार कोअर्सपैकी भरलेत जेमतेम ३० टक्के, आणि तरी चुकली. ढाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्ये दाखवलेला हा परिणाम, ढाल इफेक्ट म्हणतात. मोठ्याला एक कोअर बांधून दिला असता तर कुणाचंच काही बिघडलं नसतं.

आमच्याकडे नेमकं असंच मिश्रण होतं, अधूनमधून येणारा कॅलिब्रेशनचा लांबलचक जॉब आणि बाकी बारीक कामं. म्हणून कोअर वाटून दिले, एका कॅमेऱ्याला एक कोअर, कॅलिब्रेशनला वेगळा. वाटप म्हणजे बिन पॅकिंग, ठराविक मापाच्या डब्यांत वस्तू बसवायचा, गणिताने अवघड प्रॉब्लेम, पण काही डझन टास्क असतील तर मोठ्यापासून सुरुवात करून जिथे बसेल तिथे टाकत गेलं आणि प्रत्येक वेळी ती स्क्रिप्ट चालवली की चालून जातं. प्रायॉरिटी फिक्स्ड ठेवल्या. ईडीएफचा फायदा कोअर ठासून भरायला होतो, आमचे भरलेलेच नव्हते, आणि ओव्हरलोडमध्ये ईडीएफ कोणाला चुकवेल ते सांगता येत नाही, एक चुकला की त्याच्या मागचे रांगेने चुकत जातात. फिक्स्ड प्रायॉरिटीत निदान कोण मरणार हे आधी ठरवता येतं. लिनक्समध्ये ३.१४ पासून, म्हणजे २०१४ पासून, डेडलाईन शेड्युलर आहे, रनटाईम, डेडलाईन, पिरियड द्यायचे आणि बसत नसेल तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सरळ नाही म्हणतो, ही नाही म्हणायची सवय मला फार आवडते. तो आम्ही कॅलिब्रेशनच्या कोअरवर वापरला. लक्षात ठेवा की तो क्लास लिनक्सच्या फिफो या फिक्स्ड प्रायॉरिटीच्या क्लासच्याही वर असतो, त्यामुळे दुय्यम कामाला तो देऊन मुख्य कामाच्या कोअरवर बसवू नका. बाकी रिअल-टाइम कर्नल, जो पॅच आता ६.१२ पासून मूळ लिनक्समध्येच आहे, मेमरी लॉक करणं, सीपीयूच्या गाढ झोपेच्या अवस्था बंद करणं, हे सगळं केलं, ते कुठेही वाचायला मिळेल.

लॉकचा प्रश्न मात्र वेगळा सांगण्यासारखा. लॉग लिहिणारा सगळ्यात खालच्या प्रायॉरिटीचा थ्रेड एक म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच मिळणारा लॉक, धरायचा, तोच म्यूटेक्स निर्णयाच्या थ्रेडला लागायचा, आणि मधल्या प्रायॉरिटीचं काम येऊन लॉगवाल्याला बाजूला सारायचं, मग निर्णय अडकलाच. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडरवर हाच प्रकार होऊन कॉम्प्युटर परत परत रीसेट होत होता, हवामानाच्या टास्कने धरलेल्या म्यूटेक्सपायी, आणि पृथ्वीवरून म्यूटेक्सचं प्रायॉरिटी इनहेरिटन्स, म्हणजे लॉक धरणाऱ्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी देणं, चालू करून तो सोडवला. आम्हीही ते चालू केलं, पण नंतर म्यूटेक्सच काढून टाकला, निर्णयाचा थ्रेड आपली नोंद रिंग बफरमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या रांगेत, टाकतो आणि पुढे जातो. इनहेरिटन्स हे एका मशिनच्या आतलं औषध आहे. दुसऱ्या नोडकडून उत्तराची वाट बघत लॉक धरून बसलात तर ते काहीच करू शकत नाही, म्हणून नेटवर्क कॉलच्या काळात लॉक धरायचा नाही असा नियम केला.

मग साखळीची डेडलाईन कोडमध्ये आणायची होती. २०० चे तुकडे करून नोड्सना वाटायच्या रीती बऱ्याच आहेत, उरलेला वेळ सगळ्यांना सारखा वाटा, किंवा कामाच्या प्रमाणात वाटा, बेन काओ आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांचं यावर काम आहे. प्रमाणात वाटलं तर १ मिलिसेकंदाच्या कामाला इतका कमी वेळ येतो की जरा हललं की चुकलं, म्हणून आम्ही जिथे वेळ जास्त कमी-जास्त होतो तिथे सवड जास्त ठेवली. पण त्याहून महत्त्वाचं, फोटो निघाला त्या क्षणी अधिक २०० ही अंतिम वेळ मेसेजमध्येच घातली आणि ती न बदलता शेवटपर्यंत जाते. कुठल्याही नोडवर मेसेज उघडला की दिसतं अजून किती उरलेत. कॅमेऱ्याने लवकर काम केलं तर वाचलेला वेळ आपोआप पुढच्याला मिळतो. हे चालतं ते घड्याळं जुळलेली आहेत म्हणून. दुसऱ्या मशिनवरचं फंक्शन बोलवायला वापरलं जाणारं जीआरपीसी तारेवरून उरलेला कालावधी पाठवतं, ठराविक क्षण पाठवत नाही, कारण तिथे दोन्हीकडची घड्याळं जुळलेली असतील असं धरता येत नाही.

आणि उरलेला वेळ दिसायला लागल्यावर नाही म्हणता यायला लागलं. तपासणीला ३० लागू शकतात आणि नंतरच्या टप्प्यांना मिळून २०, मग उरलेत ४० तर सुरूच करायचं नाही. आधी असा जॉब पूर्ण केला जायचा, उशिरा संपायचा, आणि त्या नादात मागच्या चांगल्या जॉबलाही उशीर करायचा.

टाकून दिलेल्या जॉबचं करायचं काय, हे ठरवायला मात्र शेड्युलिंगचं पुस्तक उपयोगी पडत नाही, पट्ट्याजवळ उभ्या असणाऱ्या लोकांना विचारावं लागतं. आधीचा नियम होता, वेळ उलटली असेल तर लगेच झोत मार, आणि तोच चांगल्या वस्तू उडवत होता. आता झोताच्या नोडकडे येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद असते, एन्कोडरवरून, कुणी सांगायची वाट न बघता. वस्तू नोझलसमोर यायच्या आत निर्णय आला नाही तर नोड स्वतः ती उडवतो, फेरतपासणीच्या डब्यात. उशिरा आलेला निर्णय वाचलाही जात नाही. लाईनवरच्या माणसांना हे लगेच पटलं, त्यांना डब्यात दोन चांगल्या वस्तू जास्त आलेल्या चालतात, खराब वस्तू पुढे गेलेली चालत नाही.

हे सगळं घातल्यावर ॲनालिसिसमध्ये साखळीची सर्वात वाईट वेळ ७० च्या आत आली. तेव्हा लोक म्हणाले मग १३० मिलिसेकंद मोकळेच आहेत की, अजून कामं टाकू. मी ते अडवलं. तपासणीचा नोड मेला तर? दर १० मिलिसेकंदांनी हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' असा मेसेज, सलग तीन चुकले की मेला समजायचं, म्हणजे कळायलाच ३० जातात, मग कॅमेरा नोडने जपून ठेवलेला फोटो दुसऱ्या नोडकडे परत पाठवायचा, परत तपासायचा, आणि त्या दुसऱ्या नोडवर आधीची कामं चालूच असतात म्हणून रिस्पॉन्स टाईम जास्त. ते सगळं धरून ॲनालिसिस चालवलं तेव्हा १५० च्या पुढे आकडा गेला. मोकळे दिसणारे १३० म्हणजे नोड मरायच्या दिवसासाठी राखून ठेवलेले आहेत, आणि उरतात ते मोजमापातल्या चुकांसाठी.

टेस्ट करताना सरासरी बघायचीच नाही असं ठरवलं होतं. चार टप्पे, प्रत्येक टप्पा १०० पैकी ९९ वेळा वेळेत, तर एकमेकांवर अवलंबून नसतील असं धरलं तरी साखळी वेळेत १०० पैकी ९६. एका लेनवर सेकंदाला २५ फोटो असताना म्हणजे दर सेकंदाला एक चूक. म्हणून फक्त कमाल वेळ, आणि तीही मुद्दाम त्रास देऊन: नेटवर्क फाईलींनी भरून, ठिपक्यांनी भरलेले फोटो ओळीने घालून, चालू असताना नोडची वीज काढून. मोजलेली कमाल कधीही हिशेबाच्या वर जाता कामा नये, गेली तर डेडलाईन सांभाळली गेली असली तरी टेस्ट फेल, कारण मग हिशेबात नसलेलं काहीतरी सिस्टीममध्ये आहे. असं एकदा सापडलं, एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर इंटरप्ट, म्हणजे पॅकेट आल्याच्या सूचना, साठवून एकदम देत होता. डेडलाईन कुठेच चुकली नव्हती, नुसती वेळ बघत बसलो असतो तर ते दिसलंच नसतं.

आता नवा टास्क घालायचा असेल तर त्याच्यासोबत कमाल वेळ, किती वेळाने येतो आणि किती पुढेमागे होतो हे तीन आकडे द्यावे लागतात, बिल्डमध्ये ती स्क्रिप्ट चालते आणि एखादी साखळी बसत नसेल तर मर्ज, म्हणजे नवं कोड मुख्य कोडमध्ये घेणं, अडतं. सुरुवातीला कटकट झाली. हल्ली लोक कोड लिहायच्या आधीच आकडे टाकून बघतात की बसतंय का, आणि नसेल बसत तर कुठल्या नोडवर हलवलं तर बसेल. पाचवा कॅमेरा घालायची मागणी तशीच आली आहे. सध्याच्या १० मिलिसेकंदांच्या ट्रिगरच्या अंतरात ४० मध्ये चारच बसतात, पाचव्यासाठी अंतर ८ करावं लागेल, म्हणजे तार पूर्ण १०० टक्के भरेल आणि एक पॅकेट जरी परत पाठवावं लागलं तरी रांग कधी संपणारच नाही. त्यामुळे त्याला स्वतंत्र पोर्ट द्यायचा की फोटो अजून लहान कापायचा, यावर सध्या आमचं चाललंय.